लातूरच्या ट्यूशन एरियातलं गिफ्ट शॉप: दुकान झकास, पण दाजींसाठी कार्ड काही मिळेना

ट्यूशन एरियात गिफ्टची दुकानं ढीगभर आहेत पण कार्डं ठेवणारी आता फार कमी राहिलीत, सगळ्यांनी कॉफीचे मग आणि टेडीच भरून ठेवलेत. इथं मात्र अख्खी एक भिंत कार्डांची आहे, 40 पासून 200 रुपयांपर्यंत, कागद जाड, आणि काउंटरवरच्या काकू दहा कार्डं उघडून बघितली तरी तोंड वाकडं करत नाहीत. त्यामुळं दुकानाला माझ्याकडून पूर्ण मार्क.

तक्रार आहे ती कार्डांवर जे छापून येतंय त्याची. ताईला मुलगी झालीय आणि दाजी रात्री उठून लंगोट बदलायलेत, पायावर घेऊन अंघोळ पण घालतात (आज्जीला ते बघवत नाही ही गोष्ट वेगळी). म्हणलं यांना एक कार्ड द्यावं. पण बापाची कार्डं म्हणजे टाय, मिशी, गाडी, नाहीतर पाठमोरा माणूस अन् त्याचं बोट धरलेलं पोरगं, आत मजकूर काय तर तुम्ही राबलात, कमावलंत, आधार दिलात. बाळ मांडीवर घेतलेला बाप एका पण कार्डावर नाही! आईच्या कार्डांवर गुलाब, समई आणि त्याग, एका मराठी कार्डात तर चार ओळींत तीनदा 'सोसलंस' आलंय, आणि ते वाढदिवसाचं कार्ड आहे हो.

नवीन बाळाचं विचारलं तर निळ्यात विमान आणि फुटबॉल, गुलाबीत मुकुट आणि परी. पिवळं-हिरवं काही आहे का म्हणलं तर काकू म्हणाल्या, "तसलं येतच नाही बघा ताई, आणि आलं तरी गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतंय, पोरगं का पोरगी."

मदर्स डेची कार्डं डोळ्यासमोर, फादर्स डेची खाली गुडघ्यापाशी एका पट्टीत. तिकडं अमेरिकेत पण बाप मागंच राहिला, मदर्स डे 1914 लाच सरकारी झाला आणि फादर्स डे 1910 पासून साजरा होत असून कायमची मान्यता मिळाली 1972 ला. आणि जिनं मदर्स डे सुरू केला ती ॲना जार्विस पुढं छापील कार्डांवरच भडकलेली, आईला स्वतःच्या हातानं पत्र लिहायला काय होतं असं तिचं म्हणणं. आपल्याकडं तर फादर्स डे, म्हणजे जूनचा तिसरा रविवार, ऐन पेरणीत येतो, बाप सोयाबीनचं बियाणं घेऊन रानात आणि पोरगं इथं टायवाल्या बापाचं कार्ड घ्यायलंय.

प्रेमाच्या कप्प्यात सगळ्यात मजा आहे ती सॉरी कार्डांची. जेवढी बघितली तेवढ्यांवर टेडी पोरगाच, कान धरून उभा, आणि पोरगी तोंड फिरवून बसलेली. म्हणजे चुकायचं त्यानं आणि रुसायचं तिनं हे ठरलेलंच. एक हॉस्टेलची पोरगी खरंच सॉरी म्हणायला कार्ड शोधत होती, शेवटी तिनं टेडीच्या डोक्याला रिबनचा स्टिकर लावून घेतला. डोकं आहे पोरीला!

मी आतून कोरं असलेलं कार्ड घेतलं, वर नुसती पानं आहेत, आत लिहिलं "दाजी, मालिश एक नंबर करता." कोरी कार्डं खालच्या ड्रॉवरमध्ये असतात, मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. स्टार 5 पैकी 4, एक कापला तो दुकानाचा नाही, कार्डांवरच्या छपाईचा. फोनपे चालतं, गाडी लावायला जागा नाही, आणि संध्याकाळी क्लास सुटायच्या टायमाला जाऊ नका, आत पाय ठेवायला जागा नसती.