पहिलं मोठं पिस्तूल: स्ट्रायकर की हॅमर?

रेंजवर आणि घरात, दोन्हीकडे चालेल असं पहिलं पिस्तूल निवडताना प्रश्न शेवटी दोन जातींवर येऊन थांबतो: प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं स्ट्रायकर (गोळीवर आघात करणारी पिन आतच, स्प्रिंगवर ताणलेली) की धातूचं हॅमरवालं (मागे दिसणारा हातोडीसारखा हॅमर त्या पिनवर पडतो)? आम्ही टेक्सासात राहतो. घर वस्तीपासून जरा लांब आहे, घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी मी आणि बायको ह्याच प्रश्नात अडकलो होतो. चार महिने मी एका मित्राचं स्ट्रायकर आणि रेंजवरचं भाड्याचं हॅमरवालं बेरेटा ९२ आलटूनपालटून चालवलं, मगच पैसे मोजले. गोळी ९ मिमीचीच का, हे तुम्ही एव्हाना दहा ठिकाणी वाचलं असेल, ते सोडून देतो.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मात्र आधी सांगतो. एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्यानुसार पिस्तूल विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही साधारणपणे चालत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहायचं तर आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. न्यू जर्सीत असाल तर प्रत्येक पिस्तुलाला वेगळा परवाना लागतो आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, १० च गोळ्या, म्हणजे सतरा मावतात की पंधरा ह्या चर्चेला तिथे अर्थ उरत नाही.

आता स्ट्रायकर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ घेतलं आणि तिथून ह्या जातीचे दिवस फिरले. आज दुकानात काचेखाली बघाल तर दहातली सात-आठ ह्याच जातीची दिसतील, आणि ते उगाच नाही. चाप पहिल्या गोळीला जसा लागतो तसाच शेवटच्या गोळीला. बायको पहिल्याच दुपारी सात यार्डांवर ताटलीएवढ्या गोलात गोळ्या टाकायला लागली. वजन कमी, पुढे दिवा लावायला खाच तयार, वेगळा सेफ्टीचा खटका बहुतेकांना नसतो, त्यामुळे घाबरलेल्या हाताला लक्षात ठेवायला कमी. घरासाठी हे सगळे मोठे गुण आहेत आणि मी ते नाकारत नाही.

माझं घोडं अडलं ते साफसफाईपाशी.

मित्राचा नियम होता, ज्याने चालवलं त्याने साफ करून द्यायचं. म्हणून दर रविवारी ते पिस्तूल आमच्या ओट्याशेजारच्या टेबलावर, जुन्या टॉवेलवर यायचं. ह्या जातीतल्या बऱ्याच पिस्तुलांची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, काढायची तर आधी चाप ओढावा लागतो. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढायची, चेंबरमध्ये (गोळी सुटण्याआधी जिथे बसते तिथे) बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं, आणि मग रिकामं आहे म्हणून चाप ओढायचा. खट्. मी तीनदा बघायचो. गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवायचो. नळी वाळू भरलेल्या बादलीकडे धरायचो. सगळं नियमाने. तरी त्या खट्ला स्वयंपाकघरात बायको दर वेळी दचकायची, आणि खरं सांगायचं तर माझ्याही पोटात कालवायचं. 'बोट चापापासून लांब' हे आम्हाला पहिल्या तासात शिकवलं होतं. तेच बोट घरात, पोरगी वरच्या मजल्यावर अभ्यास करत असताना, दर आठवड्याला चापावर न्यायचं हे मला काही केल्या पचेना. वर्षाला पन्नास वेळा. एखाद्या रविवारी मी दमलेला असेन, फोन वाजेल, आणि तीनदा बघायचं ते दोनदाच बघितलं जाईल. तसं कधी झालं नाही. पण होऊ शकतं हे डोक्यातून जाईना.

बेरेटा ९२ उघडताना चापाशी काही घेणंदेणं नाही. मॅगझिन काढून चेंबर बघायचं, उजवीकडचं बटण दाबायचं, डावीकडची कळ खाली फिरवायची, की स्लाइड अलगद पुढे सरकून हातात येते. दुसरं म्हणजे ९२एफएस ह्या त्याच्या मॉडेलचा सेफ्टीचा खटका खाली असतानाही स्लाइड मागे ओढता येते, म्हणजे भरणं आणि रिकामं करणं ही दोन्ही कामं सेफ्टी लावूनच होतात. खटका खाली केला की ताणलेला हॅमर सुरक्षितपणे खाली येतो आणि चाप सैल पडतो. हे सगळं डोळ्यांना दिसतं. हॅमर वर आहे की खाली, हे अंधारात अंगठ्यालाही कळतं. घरात ठेवायच्या वस्तूत मला हे दिसणं फार मोलाचं वाटलं.

चालवायलाही ते गोड आहे. रिकामं असतानाच किलोच्या जवळपास वजन, त्यामुळे धक्का मनगटात न येता तळहातात मुरतो. शंभर गोळ्यांनंतर स्ट्रायकरने माझा अंगठा आणि तर्जनीमधला भाग दुखायचा, ह्याने नाही.

अडचणी आहेत, त्याही ऐका. पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड, पाच किलोच्या आसपास जोर लागतो. नंतरच्या गोळ्यांना निम्म्याहूनही कमी. माझी पहिली गोळी महिनाभर खाली डावीकडेच जात होती. रोज रात्री रिकाम्या पिस्तुलावर दहा मिनिटं सराव केला तेव्हा कुठे ती रेषेत आली. (हो, तिथेही चाप ओढतोच. पण ते त्याच कामाला बसल्यावर, सगळं लक्ष तिथे असताना.) मूठ जाड आहे. बायकोचं बोट चापापर्यंत जेमतेम पोचायचं, म्हणून आम्ही त्याचंच सरळ, पातळ मुठीचं ९२एक्स मॉडेल घेतलं. त्याला दिव्याची खाचही आहे, जुन्या ९२एफएसला नाही. स्लाइड ओढायला तिला जड जायची. आधी अंगठ्याने हॅमर मागे घेतला की निम्मं काम होतं, हे रेंजवरच्या शिक्षकांनी दाखवलं आणि तो प्रश्न तिथेच मिटला. किंमतही स्ट्रायकरपेक्षा जास्त पडली.

अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये हेच बेरेटा एम९ म्हणून घेतलं होतं आणि २०१७ मध्ये त्याच्या जागी स्ट्रायकरची निवड केली. हा मुद्दा कुणीतरी तुमच्यासमोर ठेवेलच, आणि तो हलका नाही. पण सैनिकाचं पिस्तूल कुठे साफ होतं आणि माझं कुठे, ह्यात फरक आहे.

घरात मूल नसेल, महिन्याकाठी एकदाच रेंजवर जाणं होणार असेल, तर मी स्ट्रायकरच घ्या म्हणेन. एकसारखा चाप लवकर शिकता येतो. त्यातही चाप न ओढता उघडणारी आहेत. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पीमध्ये आत एक छोटी कळ खाली दाबली की काम होतं. घरात पोरं असतील आणि तुम्ही दर आठवड्याला सरावाला बसणार असाल, तर मात्र माझा कौल हॅमरला, त्यातही बेरेटाला. भाड्याने चालवून बघाल तेव्हा नुसत्या पन्नास गोळ्या मारून परत येऊ नका. काउंटरवरच्या माणसाला सांगा, आता हे माझ्यासमोर उघडून दाखवा.

आमचं पिस्तूल पलंगाशेजारी स्क्रूने बसवलेल्या, बटणं दाबून उघडणाऱ्या कुलुपाच्या पेटीत आहे. बायको अजूनही मित्राचं स्ट्रायकर हातात आलं की माझ्यापेक्षा चांगले गोल काढते. पण रविवारी साफसफाईच्या वेळी ती आता त्याच टेबलावर समोर बसून भाजी निवडते.