कोलेस्ट्रॉल वाढलंय : लगेच गोळी की आधी पथ्य-व्यायाम?

"गोळी एकदा सुरू केली की जन्मभराची, त्यापेक्षा आधी पथ्य करून बघू" असं घरोघरी ऐकू येतं. काही जणांच्या बाबतीत ते अगदी बरोबर असतं आणि काही जणांच्या बाबतीत सरळ धोक्याचं, म्हणून दोन्ही समोरासमोर ठेवून लिहितोय.

आधी रिपोर्ट नीट बघा. टोटलचा आकडा बघून घाबरू नका, एलडीएल (रक्तवाहिन्यांत साचणारं "वाईट" कोलेस्ट्रॉल) बघा. समजा टोटल २४८, एचडीएल ("चांगलं" कोलेस्ट्रॉल) ४२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८०. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागलं की ३६, मग २४८ मधून ४२ आणि ३६ वजा केले की एलडीएल १७०, बऱ्याच लॅब असंच काढतात (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे गणित चालत नाही, मग डायरेक्ट एलडीएल करून घ्या). आता ते कुठवर आणायचंय? बाकी तब्येत ठणठणीत असेल तर साधारण १०० च्या खाली, डायबेटिस असेल तर बहुतेक डॉक्टर ७० च्या खाली म्हणतात, अटॅक किंवा स्टेंट झालेल्यांना त्याहून कमी. म्हणजे १७० वाल्याला १०० वर यायला ४० टक्के उतरवायचंय. निर्णय या टक्क्यांवर घ्यायचा.

पथ्य मनापासून केलं तर एलडीएल १० ते १५ टक्के उतरतं, फार कडक केलं तर २० च्या आसपास. गोळी म्हणजे स्टॅटिन, त्यातल्या ॲटोरवास्टॅटिन १० मिलिग्रॅमने ३५-४० टक्के, रोसुवास्टॅटिन १० ने साधारण ४५ टक्के. एवढा फरक का, तर शरीरातलं बहुतेक कोलेस्ट्रॉल आपलं लिव्हरच बनवतं, ताटातून येतं ते कमीच, म्हणून तर आयुष्यात अंडं न खाल्लेल्या आजीचंही वाढलेलं असतं. स्टॅटिन लिव्हरमधलं ते बनवणंच कमी करते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेतं.

म्हणून १२५-१३० वाला, तिशीतला, बीपी-शुगर-तंबाखू काही नाही, घरात कुणाला लवकर हार्टचा त्रास नाही, त्याने तीन महिने पथ्य करून परत टेस्ट करावी, माझं मत स्पष्ट आहे. पण एलडीएल १९० च्या वर, अटॅक किंवा स्ट्रोक होऊन गेलेला, चाळिशी ओलांडलेला डायबेटिसवाला, यांनी "बघू तीन महिने" म्हणत थांबू नये, गोळी आणि पथ्य दोन्ही एकदम. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, न विचारता सांगा.

पथ्य म्हणजे नुसतं "तेलकट बंद" नाही हो. तूप, साय, खोबरेल, पाम तेल यांच्यातलं सॅच्युरेटेड फॅट एलडीएल वाढवतं, खोबरेलात ते ९० टक्क्यांच्या आसपास असतं, पाम तेलात जवळपास निम्मं. आणि पाम तेल आपण विकत आणत नसलो तरी फरसाणाच्या, बिस्किटाच्या पुड्यावर मागे बारीक अक्षरात "पामोलिन" लिहिलेलं असतं, चहाबरोबर रोज तेच जातं, तिथून सुरुवात करा. घरात शेंगदाणा किंवा करडई तेल चांगलं, पण बेतानेच. मटकी, राजमा, गवार, भेंडी, जव यांतला फायबर कामाचा, आणि इसबगोल रोज १० ग्रॅमच्या आसपास भरपूर पाण्याबरोबर घेतलं तर एकट्याने ५-७ टक्के उतरवू शकतं. चालण्याने एलडीएल फारसं हलत नाही हे खरं, पण ट्रायग्लिसराइड, शुगर, बीपी आणि पोटाचा घेर उतरतो, यातलं ट्रायग्लिसराइड गोळीनेही थोडं उतरतं, बाकीचं गोळी करत नाही.

गोळीचे त्रास? अंगदुखीची भीती सगळ्यात मोठी. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर ब्रिटनमध्ये एक अभ्यास झाला, २०२० मध्ये आला, काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी, काही महिने काहीच नाही, तर खऱ्या गोळीवरच्या त्रासाचा ९० टक्के भाग खोट्या गोळीवरही जाणवला! तरी खूप स्नायू दुखून लघवी गडद चहासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. बॉर्डरलाइन शुगर असेल तर ती थोडी वर जाऊ शकते. बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

लसूण, मेथीवर एवढा भार टाकू नका, फरक किरकोळ पडतो. रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूल "नॅचरल" म्हणून घेतात, त्यात लोवास्टॅटिनच असतं, फक्त किती ते कळत नाही.

आणि काहीही ठरवण्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या, थायरॉइड मंद असलं तरी एलडीएल वाढतं आणि थायरॉइडची गोळी नीट लागली की बऱ्याचदा आपोआप उतरतं. स्टॅटिन सुरू केलीच तर सहा-आठ आठवड्यांनी टेस्ट रिपीट करा, आणि आकडा छान आला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, काही आठवड्यांत तो होता तिथे परत जातो.