आधी बोर्ड की आधी स्केचबुक?

नवीन ब्रीफ, म्हणजे नेमून दिलेलं चित्राचं काम, हातात आलं की सुचण्यासाठी जायचं कुठे, हा प्रश्न ज्युनिअर मुलं दर सत्राला विचारतात. ऑनलाइन बोर्डवर चित्रं गोळा करत बसायचं, की वही-पेन घेऊन बाहेर पडायचं? मी दोन्ही भरपूर केलं आहे आणि आजही करतो. पण आता दोन्हींना सारखं वजन देणं मला जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बोर्डचं श्रेय बोर्डला द्यायलाच हवं. ब्रीफ मिळाल्यावरची पहिली रात्र त्यामुळे कोरी जात नाही. रंगसंगती, पानाची मांडणी, एकूण चित्राचा मूड हे सगळं अर्ध्या तासात समोर येतं, आणि शिक्षकांना ‘साधारण असं काहीतरी’ म्हणून दाखवता येतं. खोल समुद्रातला मासा किंवा दोनशे वर्षांपूर्वीचा अंगरखा काढायचा असेल तर नुसती स्केचबुक काय करणार? अशा वेळी बोर्ड उघडण्यात काहीच कमीपणा नाही.

स्केचबुकच्या अडचणी याच्या अगदी उलट आहेत. ती संथ आहे. चार दिवस रोज बसूनही एखाद्या पानात जीव नसतो. समोरचा माणूस पाय हलवतो, उठून निघून जातो, आणि चित्र गुडघ्यापाशीच थांबतं. कुणीतरी मागे उभं राहून डोकावतं आणि हात आखडतो. ही शेवटची अडचण सरावाने जाते. बाकीच्यांची सवय करून घ्यावी लागते.

एवढ्यावर पारडी साधारण बरोबरीत होती. मग एका सायकलने निकाल लावला.

दुसऱ्या वर्षी मुलांसाठी बारा पानी चित्रपुस्तकाचं काम होतं. गोष्ट साधी होती: एक मुलगी मोठ्या भावाची सायकल घेऊन टेकडीपलीकडे जाते आणि संध्याकाळी परत येते. मी बोर्डवर साठेक सायकली जमवल्या. जाण्याची पानं भराभर झाली, कारण गोळा केलेल्या जवळपास सगळ्या सायकली उजव्या बाजूने टिपलेल्या होत्या आणि त्यांचं तोंड उजवीकडे होतं. साखळी आणि गिअर उजव्या बाजूला असतात, आणि फोटो काढणाऱ्यांना तीच बाजू दाखवायची असते. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

अडचण आली परतीच्या पानांवर. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. त्यामुळे चित्रपुस्तकात पुढे जाणारं पात्र उजवीकडे चाललेलं दाखवतात आणि घरी परतणारं डावीकडे. म्हणजे आता मला सायकलची डावी बाजू हवी होती. मी फोटो आडवा उलटवला आणि त्यावरून काढलं. रोज सायकल चालवणाऱ्या एका मैत्रिणीने पान हातात घेताच विचारलं, “साखळी या बाजूला कशी गेली?” शिवाय एका पानावर मुलगी चढावर पाठमोरी हवी होती. साठ सायकलींपैकी एकीनेही मला स्वतःची पाठ दाखवली नाही.

माझी तक्रार नेमकी हीच आहे. बोर्डवरच्या चित्राला मागची बाजू नसते. कुणीतरी एक कोन निवडलेला असतो, एक उजेड निवडलेला असतो आणि नको ते चौकटीबाहेर ठेवलेलं असतं. ते सोडवून ठेवलेलं गणित असतं. उत्तर उतरवून घेता येतं, पण पुढच्या पानावर आकडे बदलले की रीत माहीत नसल्यामुळे हात थांबतो. चित्रपुस्तकात तर प्रत्येक पानावर आकडे बदलतात.

शेवटी खाली जाऊन एका उभ्या सायकलमागे जमिनीवर बसलो. पाऊण तासात सात स्केचेस झाली. मागून पाहिलं तर सायकल म्हणजे जवळजवळ एक उभी रेघ असते. वर सीट रुंद, खाली टायर अंगठ्याएवढा, दोन्ही बाजूंना पॅडल बाहेर आलेली, एक वर आणि एक खाली. डाव्या बाजूला साखळी नाही, पण स्टँड आहे. तेवढ्यात एक लहान मुलगी आली, सायकल घेतली आणि सीटवर न बसताच निघाली. सीट तिच्यासाठी उंच होती. ती पूर्ण वेळ उभ्याने पॅडल मारत होती आणि प्रत्येक पॅडलबरोबर तिचं सगळं अंग डावी-उजवीकडे झुलत होतं.

माझ्या गोष्टीतल्या मुलीची सायकल तिच्या मोठ्या भावाची होती. ती सीटवर बसूच शकणार नव्हती! माझ्या सहा पानांवर ती ऐटीत बसली होती. ती सहाही पानं मी पुन्हा काढली आणि पुस्तकातली सगळ्यात जिवंत गोष्ट त्यातूनच आली. बोर्डवर हे सापडलं असतं का? कदाचित. पण त्यासाठी शोधाच्या चौकटीत काय लिहायचं हे मला आधी माहीत असावं लागलं असतं.

जर्मन चित्रकार ड्यूररची दोन चित्रं मला या संदर्भात नेहमी आठवतात. १५०२ सालच्या त्याच्या सशाच्या डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंबसुद्धा आहे. १५१५ सालचा गेंडा मात्र त्याने प्रत्यक्ष न पाहता काढला. लिस्बनला आणलेल्या गेंड्याचं वर्णन आणि कुणीतरी केलेलं एक रेखाटन एवढंच त्याच्या हाताशी होतं. म्हणून त्याच्या गेंड्याची कातडी चिलखतासारखी आहे आणि खांद्यावर एक जास्तीचं छोटं शिंग आहे. लोक त्या चित्रावरून पुढची चित्रं काढत गेले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते शिंग युरोपातल्या पुस्तकांत टिकलं. चित्र म्हणून गेंडा थोरच आहे, मी त्याच्यासमोर तासभर बसू शकतो. म्हणजे दुसऱ्याच्या चित्रावरून मोठं काम होतच नाही असं नाही. फक्त चूकही सोबत येते, आणि ती ओळखायची तर मूळ गोष्ट कधीतरी पाहिलेली असावी लागते.

डोळ्यांनी पाहणं शक्यच नसेल तेव्हा मी आता बोर्डच्या आधी संग्रहालयांचे खुले संग्रह उघडतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींच्या लाखो प्रतिमा मुक्त वापरासाठी खुल्या केल्या. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने राइक्सस्टुडिओ हा आपला ऑनलाइन संग्रह २०१२ मध्ये सुरू केला. तिथे चित्राखाली साल, माध्यम आणि मापही लिहिलेलं असतं. मापाकडे लक्ष द्या. ड्यूररचा ससा जेमतेम २५ सेंटिमीटर उंचीच्या कागदावर आहे हे कळलं, की त्याच्या केसांची रेघ किती बारीक असेल याचा अंदाज येतो. बोर्डवर फिरत फिरत आलेल्या चित्राखाली अनेकदा चित्रकाराचं नावही उरलेलं नसतं.

तुमचं सबमिशन उद्या सकाळी असेल तर बोर्डच उघडा, मीही तेच करेन. हातात आठवडा असेल तर पहिले दोन दिवस बोर्ड बंद ठेवून पाहा, असं मी सुचवेन. विषयातली एक वस्तू निवडा आणि ती तीन बाजूंनी काढा: पुढून, मागून आणि जी बाजू सहसा कुणी पाहत नाही तिथून. शेजारी दोन ओळी लिहून ठेवा, उजेड कुठून येत होता आणि ती वस्तू कोण कशी हाताळत होतं. मग बोर्डवर गेलात तरी चालेल. तोवर तिथे काय शोधायचं आणि काय घ्यायचं नाही, हे तुम्हाला कळलेलं असेल. माझं तरी तसं झालं, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

सध्या माझ्याकडे छत्रीवरचं काम आहे. मिटलेली छत्री काढून झाली, उघडीही झाली. उद्या ती डोक्यावर धरून आतल्या काड्या काढायला बसणार आहे.