रडारस्कोप: वादळामागे धावायच्या दिवशी हे अॅप किती कामाचं?

रडारस्कोप पहिल्यांदा उघडलं की थोडी निराशाच होते. उद्याचा अंदाज नाही, तापमान नाही, ढगांची गोंडस चित्रं नाहीत. नकाशावर एक रडार निवडायचं आणि त्याने शेवटच्या फेरीत जे टिपलं ते बघायचं, एवढंच. तरीही मे-जूनमध्ये अमेरिकेतल्या टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससच्या मैदानांवर सुपरसेलमागे, म्हणजे स्वतःभोवती फिरणाऱ्या प्रचंड वादळामागे, गाडी घालणाऱ्या कितीतरी जणांच्या फोनमध्ये हेच अॅप असतं, ते या रुक्षपणामुळेच. हवामानाची बरीच अॅप्स अनेक रडारांची चित्रं एकत्र शिवून, कडा घासूनपुसून दाखवतात. त्या सफाईत हुक, म्हणजे वादळाच्या नैऋत्य कोपऱ्यातून निघणारी आकड्यासारखी शेपटी, पुसट होते. रडारस्कोप आकडे जसे आले तसे मांडतं: २५० मीटर लांबीचे, अर्ध्या अंशाचे खडबडीत तुकडे. दिसायला ओबडधोबड, पण वाचायला चोख.

सकाळी ते बंद ठेवलं तरी बिघडत नाही. कुठे जायचं हे नॉर्मनच्या (ओक्लाहोमा) स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर या सरकारी केंद्राच्या नकाशांवरून ठरतं (दिवसाचे महत्त्वाचे सुधारित अंदाज स्थानिक वेळेनुसार सकाळी ८ आणि साडेअकराला येतात), अॅपवरून नाही. उघडायचं ते दुपारी, आभाळ अजून मोकळं असताना. किरणाच्या सर्वात खालच्या कोनाची रिफ्लेक्टिव्हिटी (रडारकडे परत आलेल्या लहरींची ताकद) लावली की रडारच्या जवळपास कधीकधी केसाएवढी फिकट रेघ दिसते. तो पाऊस नसतो. दोन हवा जिथे एकमेकींना भिडतात तिथे गोळा झालेले किडे आणि धूळ असतात. पश्चिमेची कोरडी हवा आणि मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा यांची सीमा, म्हणजे ड्रायलाइन, अशी सापडते. पहिले ढग बहुधा याच रेघेवर उभे राहतात, त्यामुळे गाडी तिच्या पूर्वेला उभी करायची.

वादळ उभं राहिलं की पहिलं काम रडार निवडण्याचं, आणि नवखे इथेच चुकतात. किरण सरळ जातो, जमीन मात्र खाली वळते. अर्ध्या अंशाचा किरण ५० किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असतो, १०० किलोमीटरवर दीड किलोमीटर आणि १५० किलोमीटरवर अडीच किलोमीटरच्याही वर. किरण रुंदही होत जातो: १०० किलोमीटरवर त्याची जाडी जवळपास पावणेदोन किलोमीटर भरते. म्हणजे दूरच्या रडारवर शांत दिसणारं वादळ खाली गरगर फिरत असू शकतं. ओक्लाहोमा सिटीचं टीएलएक्स, एनिडजवळचं व्हीएनएक्स, फ्रेडरिकचं एफडीआर, डॉज सिटीचं डीडीसी, अशी टापूटापूची रडारं आहेत. वादळ एकाच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत सरकलं की रडार बदलायला हवं. सवयीने पहिल्यालाच चिकटून राहू नये.

पाठलागाला तीनच चित्रं पुरतात. रिफ्लेक्टिव्हिटीवर वादळाची ठेवण आणि गारांचा गाभा दिसतो. ६० डीबीझेडच्या (रिफ्लेक्टिव्हिटीचं एकक) वर आकडा गेला की गाडीची काच फुटण्याची तयारी ठेवावी. वेलोसिटीवर, म्हणजे वाऱ्याच्या वेगाच्या चित्रावर, हिरवं म्हणजे रडारकडे येणारा वारा, लाल म्हणजे दूर जाणारा. हे दोन भडक रंग अगदी खेटून आले की फिरणं घट्ट झालं. पण हे रंग निवडलेल्या रडारच्या सापेक्ष असतात, तुमच्या नव्हे. रडार बदललं की हिरव्या-लालची मांडणी फिरते, आणि घाईत हे हमखास विसरलं जातं. जांभळे पट्टे दिसले तर तिथला वेग रडारला ठरवता आलेला नाही, त्यातून काही अर्थ काढू नये. तिसरं चित्र कोरिलेशन कोएफिशंटचं, म्हणजे हवेतले कण एकमेकांसारखे किती आहेत ते सांगणाऱ्या आकड्याचं. फिरणाऱ्या जागीच तो ०.८ च्या खाली घसरला आणि तिथे रिफ्लेक्टिव्हिटीही चांगली असली, तर हवेत पावसाऐवजी पत्रे, फांद्या, माती उडते आहे. टोर्नेडो, म्हणजे वादळातून खाली उतरणारा वाऱ्याचा भोवरा, आधीच जमिनीवर आहे. गारांमुळेही हा आकडा उतरतो, म्हणून तिन्ही गोष्टी एका जागी जुळल्याशिवाय निष्कर्ष नको.

अॅपचा सगळ्यात दुबळा भाग म्हणजे चित्राचं वय, आणि तो दोष खरं तर अॅपचा नाही. रडारला सगळ्या कोनांची फेरी पुरी करायला चार-पाच मिनिटं लागतात; मधे खालचा कोन पुन्हा तपासला तर नवं चित्र दोनेक मिनिटांत येतं. त्यावर डेटा पोहोचण्याचा उशीर. ताशी ६० किलोमीटरने सरकणारं वादळ पाच मिनिटांत पाच किलोमीटर पुढे गेलेलं असतं. पडद्यावरचा तुमच्या जागेचा निळा ठिपका मात्र आत्ताचा असतो, म्हणून वादळ तुमच्याकडे येत असेल तर दोघांतलं अंतर असतं त्यापेक्षा जास्त वाटतं. ओसाड भागात नेटवर्क गेलं की शेवटचं चित्र तसंच राहतं आणि जीपीएसचा ठिपका त्यावर निवांत पुढे सरकतो. स्कॅनची वेळ दर वेळी वाचायची, अपवाद नाही. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोचा टोर्नेडो बघता बघता ४.२ किलोमीटर रुंद झाला, वळला आणि त्याने वेग वाढवला. टिम सॅमरास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग हे अनुभवी संशोधक त्यात गेले. इतक्या झपाट्याचा बदल कुठलंही रडार अॅप वेळेत दाखवू शकत नाही. तिथे डोळे आणि दक्षिणेकडे सुटणारा रस्ता, एवढाच आधार.

रस्त्यांच्या बाबतीतही याच्या भरवशावर राहू नये. कुठला रस्ता डांबरी आणि कुठला लाल मातीचा, हे यावर कळत नाही. ओक्लाहोमाची ती माती भिजली की चाकं जागच्या जागी फिरतात. वेगळा ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून घ्यावा. वादळाच्या पुढच्या वाटचालीचे बाणही ढोबळ समजावेत. सुपरसेल फिरायला लागला की बरेचदा उजवीकडे वळतो, बाण मात्र जुनीच दिशा दाखवत राहतो.

इशाऱ्यांच्या चौकटी (टोर्नेडोची लाल, तीव्र वादळाची पिवळी) नीट दिसतात. स्पॉटर नेटवर्कचं (वादळ बघून खबर देणाऱ्यांचं जाळं) खातं जोडलं की पाठलाग करणाऱ्या इतरांच्या जागाही दिसतात. एकाच रस्त्यावर ठिपक्यांची माळ दिसली तर तिथे वाहतूक तुंबणार, दुसरा रस्ता धरावा. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचंच नाही, ते काम शेजारच्याचं. फोन काचेपाशी उन्हात लावला तर तापून मंद पडतो, त्यापेक्षा एसीच्या झडपेसमोर बरा.

मूळ अॅप विकत घ्यावं लागतं आणि वर वार्षिक सबस्क्रिप्शनच्या पातळ्या आहेत. पहिलीत विजांचा डेटा आणि ३० चित्रांपर्यंतचा लूप मिळतो. हंगामात दहा-बारा दिवस बाहेर पडणाऱ्याला ती पुरे, विजांसाठी तर घ्यावीच. दुसरीतली खरी चैन म्हणजे रिफ्लेक्टिव्हिटी आणि वेलोसिटी शेजारीशेजारी. टॅबलेट असेल तर पैसे वसूल, फोनच्या पडद्यावर दोन्ही चित्रं चिमुकली होतात. आणि ज्याला फक्त संध्याकाळी छत्री न्यायची का एवढंच बघायचंय, त्याने हे अॅप घेऊच नये.