डुबिया झुरळांचा डबा: बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लासाठी आठ महिने वापरल्यावर

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याच्या पिल्लाला जिवंत किडा रोज लागतो, आणि कोल्हापुरात तो हवा तेव्हा मिळेलच असं नाही. बाहेरगावाहून मागवलेले रातकिडे पावसाळ्यात वाटेतच बरेच मरतात. घरी वाढवलेल्या डुबियाने ही अडचण खरोखर सुटते. मात्र डबा पिल्लू आणण्याआधी पाच-सहा महिने सुरू करा. जन्मलेल्या डुबियाला वयात यायला चार ते सहा महिने लागतात. त्याआधीच रोज किडे काढले की पैदास कधी जमतच नाही. पिल्लू आधीच घरी असेल तर खायला लहान डुबिया वेगळे विकत घ्या, मूळ डब्याला हात लावू नका.

पन्नास लिटरचा, आतून गुळगुळीत प्लास्टिकचा डबा पुरतो. डुबिया गुळगुळीत भिंतीवर चढत नाही. झाकणाला मोठं भोक पाडून स्टीलची बारीक जाळी लावा. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभेच ठेवा, म्हणजे विष्ठा खाली पडते. सुरुवातीला वीस माद्या आणि सहा-सात नर हवेत. नराला पूर्ण पंख असतात, मादीला नुसते खुंट. तापमान २९ ते ३२ अंश लागतं. डिसेंबर-जानेवारीतल्या इथल्या गार रात्रींत हीटिंग मॅट आणि थर्मोस्टॅट नसेल तर माद्या पिल्लं देणं थांबवतात.

खरा त्रास जुलै-ऑगस्टमध्ये. ओली भाजी एक दिवस जास्त राहिली की बुरशी धरते आणि किडे पटापट मरतात. गाजर, भोपळा संध्याकाळी घालून सकाळी काढून टाकावा. कॅल्शियमची पावडरही या दिवसांत गोळा होते. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

डुबिया जे खातो तेच शेवटी पिल्लाच्या पोटात जातं. म्हणून खायला घालायचे किडे एक-दोन दिवस आधी बाजूला काढून त्यांना गव्हाचा कोंडा, गाजर, शेवग्याचा पाला द्या. कोंबडीचं किंवा मांजराचं खाद्य नको. जास्त प्रथिनांमुळे झुरळाच्या अंगात युरिक आम्ल साठतं.

किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून तीनदा, पुढे आठ महिन्यांपर्यंत दोनदा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढेच. डुबिया दबकून बसतो, त्यामुळे काही पिल्लांचं त्याच्याकडे लक्षच जात नाही. उंच काठाच्या वाडग्यात सोडा किंवा चिमट्याने हलवून दाखवा. उरलेले उचलून घ्या.

कीटकांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतो, पिल्लाला नेमकं उलट हवं, साधारण दोनास एक. म्हणून फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर आठवड्यातून पाच दिवस, रोज एका वेळच्या किड्यांना चोळा. व्हिटॅमिन डी३ असलेलं मल्टीव्हिटॅमिन आठवड्यातून एक-दोनदा पुरे. हे सगळं यूव्हीबी (अतिनील किरणं देणाऱ्या) ट्यूबशिवाय वाया जातं, आणि काचेतून आलेलं खिडकीतलं ऊन यूव्हीबी देत नाही. पाय थरथरणं, जबडा मऊ लागणं ही हाडं कमजोर होत असल्याची खूण. दिसताच सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. शेकायची जागा ४० अंशांच्या आसपास नसेल तर अन्न पचत नाही. वीज गेलेली असताना खायला घालू नका, आणि शेवटचं खाणं दिवे बंद व्हायच्या दोन तास आधी संपवा.

हिरवं रोज सकाळी ठेवा, पिल्लू तोंड फिरवत असलं तरी. कपिलतीर्थ मंडईत कोथिंबीर, लाल भोपळा सहज मिळतो. भोपळा किसून द्या. परसातलं जास्वंदीचं फवारणी न केलेलं फूलही चालतं. पालक, चुका, अळू टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

उसाच्या फडातले नाकतोडे फुकट मिळतात, पण फवारणीचं विष त्यांच्यासोबत येतं. पावसाच्या तोंडावर राधानगरीकडे काजवे चमकतात. ते पिल्लाच्या जवळपासही नकोत. अमेरिकेतला काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत.

रातकिड्यांचा आवाज, वास, रात्री पिल्लाला चावणं यातलं काही डुबियात नाही. एक तोटा मात्र आहे: विष्ठेच्या धुळीने काहींना शिंका, खाज सुरू होते. महिन्यातून एकदा डबा साफ करताना मास्क लावा आणि डबा गच्चीवर नेऊन झाडा.