फर्दापूरचा खडा, शहरातली शाल की पैठणची पैठणी?

आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) वर्षातून तीन-चारदा पाहुणे येतात आणि त्यांचा बेत ठरलेला असतो. वेरूळ, अजिंठा, मकबरा, आणि परतीच्या गाडीआधी "इथलं काहीतरी घेऊन जाऊ". या "काहीतरी"पायी मी इतक्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत की कुठे काय घ्यावं यापेक्षा कुठे कसं वागवतात, हे मला जास्त पाठ झालंय. नणंदेनं परवा फोनवर विचारलं, "एकाच ठिकाणी जायचं तर कुठे?" तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते.

फर्दापूरपासून सुरू करते, कारण तिथलं दुकान तुम्ही शोधत नाही, दुकानच तुम्हाला शोधतं. अजिंठ्याला जाताना गाडी फर्दापूर फाट्यावर लावायची आणि पुढचे चार किलोमीटर बसनं जायचं. बसपर्यंतची वाट दुकानांच्या रांगांतून जाते. गाडीचं दार उघडायच्या आत एखादा पोरगा हजर. "ताई, कुठून आलात? पुण्याहून? माझी मावशी पुण्यालाच असते." हातावर एक चकचकीत खडा ठेवतो. "हा आमच्याकडून, पैसे नको. येताना फक्त चाळीस नंबरला या." इथे सगळं मोफत आहे, फक्त शब्द द्यावा लागतो. चार तास लेणी चढून-उतरून, घामाघूम होऊन परत आलात की तो बसच्या दाराशी उभा असतो. "ताई, शब्द दिला होता."

दगड मात्र इथलेच आहेत, त्यात खोट नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा काळा कातळ, त्याच्या पोकळ्यांत स्फटिक तयार झाले. अपोफिलाइट, स्टिलबाइट, कधी जांभळा ॲमेथिस्ट. पांढुरके, फिकट हिरवे, फिकट नारिंगी असे साधेच रंग असतात. भडक गुलाबी किंवा शाईसारखा निळा दिसला की सावध व्हावं. आमच्या भाओजींनी असा एक गुलाबी खडा आठशेवरून घासाघीस करत दीडशेला आणला आणि छाती फुगवून मिरवला. घरी मी ओला रुमाल फिरवला तर रुमाल गुलाबी झाला. परत न्यायचं म्हटलं तर शंभर किलोमीटर जायचं, पावती नाही, आणि चाळीस नंबरवर त्या दिवशी कोण बसलं होतं हे तरी कोण सांगणार?

एवढं सगळं असूनही फर्दापूरच्या माणसांबद्दल मला राग नाही. सासूबाई एकदा तिथल्या एका टपरीवर पर्स विसरल्या. काहीही विकत घेतलं नव्हतं, उलट भाव ऐकून नाक मुरडलं होतं. तो दुकानदार पर्स घेऊन धावत आला आणि सुटलेली बस थांबवून ती हातात दिली. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. तेव्हा माणूस चांगला आणि व्यवहार कच्चा, हे दोन्ही एकाच ओट्यावर नांदतात असं समजून जा. दोनशे-तीनशेच्या वर खर्च करू नका, म्हणजे मन खट्टू होत नाही.

शहरातल्या हातमागाच्या शोरूममध्ये नेमका उलटा प्रकार आहे. एसी, गादी, चहा, दारातच एक माग आणि त्यावर खटखट विणणारा कारागीर. "बघायला पैसे नाहीत, ताई" म्हणत शंभर शाली उलगडतात. हिमरूची गोष्टही छान रंगवून सांगतात. तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर आले, किनखाबीसारखं, म्हणजे भारी जरीच्या कापडासारखं, दिसणारं पण परवडणारं कापड म्हणून हिमरू, ताणा (उभे धागे) सुताचा आणि बाणा (आडवे धागे) रेशमाचा. ऐकायला बरं वाटतं. पण दारातल्या मागावर जे विणलं जातंय तेच समोर ढीग लावलेलं आहे, असं समजू नका. ढिगातलं बरंचसं यंत्रमागाचं असतं. ते वाईट नाही, शंभर जणांना वाटायला चालतं, फक्त हातमागाचा भाव त्याला देऊ नये.

आणखी एक. रिक्षावाले मामा ज्या दुकानापाशी आपणहून थांबतात, तिथे त्यांचं कमिशन तुमच्या बिलात असतं. एका दुकानात पाहुण्यांबरोबर रिक्षानं गेले तेव्हा शाल चौदाशेची होती. आठवड्यानं एकटीच चालत गेले तर तीच अकराशेला. विचारलं तर म्हणे, "तेव्हा सीझन होता."

त्याच दुकानातल्या दुसऱ्या एका शालीचा काठ उसवलेला निघाला. दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेले तर काल चहा पाजणाऱ्यानं ओळखही दाखवली नाही. हातात होती ती कच्ची चिठ्ठी, तिच्यावर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं. तिथून दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुसऱ्या दुकानात मात्र चहा नाही की गोष्ट नाही. मालक वर्तमानपत्रातून मान वर करून फक्त "काय दाखवू?" विचारतो. पण पक्कं बिल न मागता देतो, आणि डाग असलेली शाल आठ दिवसांनी नेली तरी तोंड वाकडं न करता बदलून देतो. तेव्हापासून मी पाहुण्यांना तिथेच नेते. त्यांना ते दुकान रुक्ष वाटतं. वाटू दे.

बिलाचं एवढं का सांगते? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित प्रथा मानली आहे. सदोष माल परत घ्यायची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरली जाते. 1915 वर फोन करून तक्रारही करता येते. पण बिलच नसेल तर मी हेल्पलाइनवाल्याला काय, ओला रुमाल दाखवू?

दौलताबादच्या पायथ्याशी आणि वेरूळच्या बाहेर टोप्या, माळा, फ्रिजवर चिकटवायची चित्रं मिळतात. लहान पोरं खूश होतात. भाव पाडून मागा आणि पुढे चला.

पैठण आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटर. तिथे मी गेले ती भाचीच्या लग्नासाठी, ओळखीतून एका विणकराच्या घरी. सेवा म्हणाल तर काहीच नाही. बसायला सतरंजी, पाणी मागितल्यावर पाणी. पहिला प्रश्न आला, "किती खर्चायचेत?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "एवढ्यात हातमागाची भरजरी नाही व्हायची. साधा पदर करून देतो, नाहीतर बाजारात यंत्रमागाची घ्या, तीही दिसते छान." गिऱ्हाईकाला स्वतःहून बाजाराची वाट दाखवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मग एक पदर त्यांनी स्वतःच उलटा करून समोर धरला. हातमागाच्या पैठणीत मोर आणि मुनिया मागून-पुढून सारखेच दिसतात. मागच्या बाजूला सुटे, कापलेले धागे लोंबत असतील तर ती मागावर हातानं भरलेली नाही.

पण इथे घाई चालत नाही. निम्मे पैसे आधी दिले, दोन महिन्यांचा वायदा साडेतीन महिन्यांवर गेला. वाद घालायला जागा नव्हती, कारण दर पंधरा दिवसांनी फोनवर मागावरच्या साडीचा फोटो येत होता. शिवाय सांगून विणलेली साडी परत घेत नाहीत, रंग मनाविरुद्ध आला तरी. हवा तो चिंतामणी रंग त्यांच्याकडे नव्हता, थोडा गडद आला. भाचीला आवडला, मला अजून नाही.

आता नणंदेचं. तिच्याकडे एकच दिवस आहे, म्हणजे पैठणची ऑर्डर बाद. घरात लग्न असतं तर मी तिला फर्दापूर, शहर, सगळं सोडून आधी पैठणलाच पाठवलं असतं. ऑफिसातल्या दहा जणांना वाटायचंय तर शहरातलं ते चहा न देणारं दुकान, आणि रिक्षा कोपऱ्यावरच सोडायची. ती सोमवारी येतेय, त्या दिवशी अजिंठा बंद, म्हणून वेरूळ करेल. तिच्या मुलाला मात्र खडा हवाच आहे, फर्दापूरचाच, त्यामुळे मंगळवारीही थांबायचं म्हणते. पांढरा जुना रुमाल बरोबर आण म्हणून सांगून ठेवलंय.