ब्रिस्टल की शार्लट: नॅस्करची पहिली रात्र कुठे?

भाचा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला नोकरीला लागलाय. त्याला नॅस्करची, म्हणजे तिथल्या मोटार शर्यतींच्या मालिकेतली, एकच रेस बघायची आहे: घराजवळची मे महिन्यातली कोका-कोला ६०० की टेनेसीतली ब्रिस्टलची नाइट रेस?

खर्चात शार्लट सरळ जिंकतं, रात्री आपल्याच घरी झोपता येतं. ब्रिस्टलला जायचं तर दोन-तीन तास गाडी हाकायची, वर रेसच्या शनिवार-रविवारी हॉटेलवाले भाव चढवून बसलेले.

वेळ? शार्लटला ६०० मैल, दीड मैलाच्या ट्रॅकवर ४०० फेऱ्या. उजेडात सुरू होते, रात्री संपते. अंधार पडला की ट्रॅक थंड होतो, गाड्यांची पकड बदलते. जाणकाराला यातच गंमत, नवख्याला मध्येच जांभया.

ब्रिस्टलचा ट्रॅक जेमतेम अर्धा मैल, काँक्रीटचा, वळणांवर चांगलाच कललेला. फेरी पंधरा-सोळा सेकंदांत. चाळीसेक गाड्या एकमेकींना खेटून, धक्के देत. धडक बसलेला एखादा ड्रायव्हर कधी उतरून हेल्मेटच भिरकावतो, आणि सगळं स्टेडियम उठून ओरडतं. आवाज मात्र भयंकर, इअरप्लग हवेतच.

लहान मुलं असतील, बजेट आवळलेलं असेल, तर शार्लट. एकट्याने किंवा मित्रांबरोबर, एकदाच आणि दणक्यात बघायचं असेल, तर ब्रिस्टल. भाचा अजून सडाफटिंग आहे, त्याने ब्रिस्टलच गाठावं.